शंभर जीबीची वर्डलिस्ट: लोड व्हायचा वेळ कसा वाचवायचा

हॅशकॅट हे हॅशवरून (पासवर्डच्या साठवलेल्या सांकेतिक रूपावरून) मूळ पासवर्ड शोधणारं साधन. त्याला मोठी वर्डलिस्ट, म्हणजे संभाव्य पासवर्डची ओळीला एक अशी यादी, दिली की खरं काम सुरू व्हायच्या आधी बराच वेळ नुसती टक्केवारी सरकत राहते. दोन-चार जीबीपर्यंत ते जाणवत नाही. यादी शंभर जीबीच्या घरात गेली की मात्र दर वेळी दहा-पंधरा मिनिटं, डिस्क हळू असेल तर पाऊण तास, असाच निघून जातो. आणि तो वेळ जातो कशात? तीच फाइल, त्याच ओळी, पुन्हा एकदा मोजण्यात. ही मोजणी एकदाच व्हावी आणि मुळात मोजायलाच कमी उरावं, यासाठी काय करायचं ते पुढे दिलं आहे. उदाहरणं हॅशकॅट आणि त्याच कामाच्या जॉन द रिपरची आहेत. पासवर्ड आपला स्वतःचा आहे किंवा ज्याचा आहे त्याची लेखी परवानगी आहे, हे धरूनच सगळं लिहिलं आहे. आज्ञांची आणि पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीतच जातात.

## आधी बघा, अडकलंय कुठे

‘लोड व्हायला वेळ लागतो’ असं म्हणताना चार वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पडद्यावर शेवटची ओळ कोणती आहे ते वाचा, म्हणजे निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

‘डिक्शनरी कॅशे बिल्डिंग’ अशी ओळ आणि पुढे बाइट व टक्केवारी दिसत असेल, तर वर्डलिस्टच मोजली जाते आहे. हा लेख मुख्यतः त्यासाठी आहे.

हॅशची तुलना, क्रमवारी किंवा दुबार हॅश काढण्याबद्दल ओळ असेल, तर वेळ वर्डलिस्टला नाही, हॅशच्या फाइलीला लागतो आहे. हॅश कोट्यवधी असतील तर हे होणारच. पॉटफाइलशी, म्हणजे आधी सापडलेल्या पासवर्डच्या नोंदीशी, ताडून पाहण्याची ओळ रेंगाळत असेल, तर पॉटफाइल फुगलेली आहे. एका कामापुरतं ‘पॉटफाइल डिसेबल’ द्या, किंवा प्रत्येक कामाला ‘पॉटफाइल पाथ’ने वेगळी फाइल द्या. दुसरा मार्ग जास्त बरा, कारण पहिल्यात सापडलेले पासवर्ड पॉटफाइलमध्ये लिहिलेच जात नाहीत. ‘आउटफाइल’ द्यायचं राहिलं तर ते फक्त पडद्यावर दिसून जातात.

कर्नल, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारा त्या हॅशप्रकाराचा प्रोग्राम, तयार होण्यावर गाडी थांबली असेल, तर तो हॅशप्रकार या मशीनवर पहिल्यांदाच चालतो आहे. तयार झालेलं कर्नल साठवून ठेवलं जातं, पुढच्या वेळी वाट पाहावी लागत नाही. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला की ते पुन्हा बनतं. तेवढं सोसावं लागतं.

चौथा प्रकार फसवा आहे. काम सुरू होतं, पण वेग अपेक्षेच्या मानाने फारच कमी असतो आणि ग्राफिक्स कार्डाचा वापर पाच-दहा टक्क्यांवर रेंगाळतो. इथे लोडिंग संपलेलंच नसतं; ते कामाबरोबर चालू असतं आणि कार्डाला शब्द पुरत नाहीत. त्याबद्दल शेवटी.

## हॅशकॅट मोजतं तरी कशासाठी

किती टक्के काम झालं, किती वेळ उरला, मध्येच थांबवलं तर कुठून पुढे सुरू करायचं, हे सांगायचं तर एकूण शब्द किती आहेत ते माहीत हवं. म्हणून हॅशकॅट पूर्ण फाइल एकदा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतं आणि आकडे ‘हॅशकॅट डॉट डिक्टस्टॅट२’ नावाच्या छोट्या फाइलीत ठेवतं. २००९ च्या गळतीतून आलेली रॉकयूची यादी सगळ्यांच्या ओळखीची आहे. तिच्यावर चालवलं की असं दिसतं: पासवर्ड १४३४४३९२, बाइट १३९९२१५०७, कीस्पेस (प्रत्यक्ष तपासायचे शब्द) १४३४४३८५. पासवर्ड आणि कीस्पेस यांत ७ चा फरक आहे. त्या सात ओळी हॅशकॅटच्या लांबीच्या कमाल मर्यादेत बसत नाहीत, म्हणून गाळल्या गेल्या. मोठ्या, कुठून कुठून गोळा केलेल्या याद्यांत हा फरक लाखांत जातो आणि यादीत किती कचरा आहे याचा पहिला अंदाज तिथेच मिळतो.

याच आकड्यांवरून दुसरा हिशोबही कळतो. १४ कोटी बाइट भागिले १ कोटी ४३ लाख ओळी म्हणजे ओळीला सरासरी जेमतेम १० बाइट. त्या मापाने १०० जीबीची यादी म्हणजे सुमारे १००० कोटी शब्द. हा १० बाइटचा आडाखा लक्षात ठेवा, पुढचे सगळे अंदाज त्यावरच आहेत.

दुसऱ्यांदा तीच फाइल दिली की ‘डिक्शनरी कॅशे हिट’ असं येतं आणि मोजणी टळते. तसं येत नसेल तर हॅशकॅटला ती फाइल नवी वाटते आहे. ओळख पटवताना ते फाइलीचा आकार, बदलल्याची वेळ आणि फाइल-सिस्टीममधली तिची नोंद बघतं. एन्कोडिंग बदलायचे पर्याय दिले असतील तर तेही बघतं. म्हणून पुढच्या चुका टाळा.

मोठ्या फाइलीच्या शेवटी नवे शब्द जोडू नका. दहा ओळी जोडल्या तरी आकार आणि वेळ बदलते आणि १०० जीबी पहिल्यापासून मोजावे लागतात. नव्या शब्दांची वेगळी फाइल करा.

यादी दर वेळी नव्याने कॉपी करून वापरू नका. कॉपी म्हणजे नवी नोंद. बाहेरची डिस्क काढून पुन्हा लावली, नेटवर्कवरचं फोल्डर नव्याने जोडलं, तरी हेच होऊ शकतं. कायमची जागा ठरवा आणि फाइल फक्त वाचण्यापुरती खुली ठेवा, म्हणजे चुकून कुणी ती उघडून जतन करणार नाही.

कंटेनरमध्ये किंवा तात्पुरत्या मशीनवर हॅशकॅट चालवत असाल तर डिक्टस्टॅटची फाइल काम संपताच पुसली जाते, आणि कॅशे म्हणून काही उरतच नाही. लिनक्सवर ती साधारणपणे घरच्या फोल्डरातल्या एखाद्या लपलेल्या फोल्डरात असते (नेमकी जागा आवृत्तीनुसार बदलते), विंडोजवर हॅशकॅटच्याच फोल्डरात. ती जागा कायमस्वरूपी डिस्कवर येईल अशी सोय करा. नेहमीच्या वापरातले दोन वापरकर्ते, एक साधा आणि एक रूट, असतील तर दोघांची डिक्टस्टॅट वेगळी असते हेही विसरू नका. एकदा सुडो लावून आणि एकदा न लावता चालवलं तर मोजणी दोनदा होणार.

## डिस्क किती वेगाने देते

मोजणी म्हणजे सरळ सलग वाचन. त्यामुळे किमान वेळ काढायला भागाकार पुरतो. १०० जीबीसाठी:

- यूएसबी २ चा पेनड्राइव्ह, सेकंदाला साधारण ३५ एमबी: सुमारे ४८ मिनिटं
- फिरती हार्ड डिस्क, १५० एमबी: सुमारे ११ मिनिटं
- गिगाबिट नेटवर्क, ११० एमबी: सुमारे १५ मिनिटं
- साटा एसएसडी, ५०० एमबी: ३ मिनिटं २० सेकंद

एनव्हीएमई डिस्क कागदावर ३००० एमबी देते, पण तिथे अर्ध्या मिनिटात काम होईल अशी आशा धरू नका. ओळी मोजण्याचं काम प्रोसेसर करतो, आणि इतक्या वेगवान डिस्कसमोर तोच मागे पडतो. नेमकं कोण मागे आहे हे ओळखायचं तर मोजणी चालू असताना एका खिडकीत ‘टॉप’ आणि दुसऱ्या खिडकीत ‘आयओस्टॅट’ लावा. प्रोसेसरचा एक कोअर १०० टक्क्यांवर आणि डिस्क निवांत असेल, तर नवी डिस्क घेऊन काही फरक पडणार नाही. उलट चित्र असेल तर यादी एसएसडीवर हलवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

फिरत्या डिस्कवरून एकाच वेळी दोन सत्रं चालवू नका. वाचणारं हेड दोन जागांमध्ये धावत राहतं आणि दोन्ही सत्रांचा मिळून वेग एका सत्रापेक्षाही खाली येतो. याच कारणाने, मोजणी चालू असताना त्याच डिस्कवर दुसरी मोठी फाइल कॉपी करायला लावू नका.

लिनक्स वाचलेली फाइल मोकळ्या रॅममध्ये धरून ठेवतं. यादी २० जीबी आणि मोकळी रॅम ३० जीबी असेल, तर दुसरं वाचन डिस्कला हातही न लावता होतं. ‘व्हीएमटच’ने ती आधीच रॅममध्ये आणून ठेवता येते. यादी रॅमपेक्षा मोठी असली की मात्र हा फायदा जवळपास शून्य होतो, कारण शेवटपर्यंत पोचेतो सुरुवातीचा भाग बाहेर ढकललेला असतो. तेव्हा १०० जीबीच्या एका फाइलीपेक्षा रॅममध्ये मावणारे तुकडे बरे.

विंडोजवर दोन गोष्टी वेग खातात. पहिली, अँटिव्हायरसची सतत चालणारी तपासणी. वर्डलिस्टचं फोल्डर तिच्यातून वगळा. दुसरी, डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) मधून विंडोजच्या डिस्कवरची फाइल वाचणं. ‘एमएनटी’खालच्या ‘सी’मधून येणारा प्रत्येक बाइट दोन सिस्टीममधला पूल ओलांडून येतो आणि वेग कोसळतो. यादी डब्ल्यूएसएलच्या आतल्या फाइल-सिस्टीमवर ठेवा. व्हर्च्युअल मशीनच्या शेअर केलेल्या फोल्डरचंही तेच. आणि फॅट३२ असलेल्या डिस्कवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, तेव्हा तिथे एक्सफॅट किंवा एनटीएफएस हवं.

## यादी हलकी करा

वेगवान डिस्कने वेळ कमी होतो. पण ज्या ओळींचा उपयोगच नाही त्या काढल्या तर तो वेळ लागतच नाही. कामाच्या हॅशप्रकारानुसार गाळणी लावा.

वाय-फायच्या डब्ल्यूपीएचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असतो. ८ पेक्षा लहान सगळ्या ओळी वाचल्या जातात, मोजल्या जातात आणि मग नाकारल्या जातात. रॉकयूसारख्या यादीत अशा ओळी भरपूर आहेत. बीक्रिप्ट हा हॅशप्रकार ७२ बाइटांपलीकडचं काही पाहत नाही. जुना डेस-क्रिप्ट पहिली ८ अक्षरंच घेतो. त्यासाठी प्रत्येक ओळ ८ वर कापून दुबार काढल्या तर यादी चांगलीच आटते. जॉनसोबत येणारं ‘युनिक’ हे साधन ‘कट’ पर्यायाने नेमकं हेच करतं.

लांबीची गाळणी हॅशकॅट-युटिल्समधल्या ‘लेन’ने लावता येते: किमान ८, कमाल ६३, आत एक फाइल, बाहेर दुसरी. ते नसेल तर ‘ग्रेप’ही चालतो. पण ‘ग्रेप’ वापरताना दोन गोष्टी केल्याशिवाय आज्ञा देऊ नका. एक, ‘एलसी ऑल’ हा पर्यावरण-चल ‘सी’ वर ठेवा. त्याशिवाय तो प्रत्येक ओळ यूटीएफ-८ म्हणून तपासतो आणि कित्येक पट मंदावतो. दुसरी, छोटा ‘ए’ हा पर्याय द्या. यादीत एखादा विचित्र बाइट आला की ‘ग्रेप’ फाइलीला बायनरी समजतो, ‘बायनरी फाइल मॅचेस’ एवढं म्हणतो आणि पुढच्या ओळी देणं थांबवतो. बाहेर आलेली यादी अर्धवट आहे हे कित्येक दिवस कळत नाही. गाळणी झाली की आधीच्या आणि नंतरच्या ओळी ‘डब्ल्यूसी’ने मोजून बघाच.

लांबी इथे बाइटांत मोजली जाते, अक्षरांत नाही. देवनागरीतली प्रत्येक खूण यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते, त्यामुळे ‘कमल’ हा तीन अक्षरी शब्द ९ बाइटांचा होतो आणि ८ च्या गाळणीतून आरामात पार होतो. रोमन लिपीपलीकडचे शब्द यादीत असतील तर मर्यादा ठरवताना हे धरा.

मग दुबार ओळी. ‘सॉर्ट’ छोट्या ‘यू’सह हे काम करतो. मोठ्या फाइलीसाठी त्याला चार गोष्टी सांगाव्या लागतात: ‘एलसी ऑल’ ‘सी’ वर, मोठ्या ‘एस’ने रॅमचा वाटा, समजा मोकळ्या रॅमच्या निम्मा, ‘पॅरलल’ने कोअरची संख्या, आणि मोठ्या ‘टी’ने तात्पुरत्या फाइलींची जागा. चौथी गोष्ट विसरली की हमखास घात होतो. तात्पुरत्या फाइली न सांगता ‘टेंप’मध्ये जातात, अनेक सिस्टीमवर ‘टेंप’ रॅममध्येच असतो, आणि तासाभराच्या कामानंतर ‘डिस्कवर जागा नाही’ म्हणून सगळं बंद पडतं. मूळ फाइलीएवढी जागा तात्पुरत्या फाइलींना आणि तेवढीच नव्या यादीला, इतकी मोकळी ठेवूनच सुरुवात करा.

‘सॉर्ट’चा खरा तोटा वेगळाच आहे. चांगल्या यादीत जास्त वापरले जाणारे पासवर्ड वर असतात. अकारविल्हे लावली की तो क्रम गेला. मंद हॅशवर, म्हणजे जिथे प्रत्येक शब्द तपासायला जास्त वेळ लागतो तिथे, काम करत असाल तर हा क्रम मोडणं महागात पडतं, कारण पहिल्या दहा मिनिटांत सापडणारा पासवर्ड दहाव्या दिवशी सापडतो. क्रम राखून दुबार काढायला जॉनचं ‘युनिक’ किंवा ‘डुप्लिकट’ वापरा. ‘डुप्लिकट’ रॅमपेक्षा मोठ्या फाइलीही हाताळतो, पण ओळीच्या लांबीची मर्यादा त्याला स्वतः सांगा. न सांगता सोडली तर मूळ मर्यादेपेक्षा लांब ओळी तो गाळून टाकतो. भरपूर रॅम असेल तर ‘आरलिंग’ खूप वेगाने करतो, आणि एका यादीतले शब्द दुसऱ्या यादीतून वजा करायलाही तोच सोयीचा.

दुबार काढण्याच्या आधी ओळींचे शेवट सारखे करा. विंडोजवर तयार झालेल्या याद्यांत प्रत्येक ओळीअंती एक जादा बाइट असतो. तो राहिला तर एकच शब्द दोन रूपांत उरतो आणि ‘सॉर्ट’ला दोन्ही वेगळे वाटतात. १००० कोटी ओळींत तो एक बाइट म्हणजे १० जीबी! ‘टीआर’ने तो पुसता येतो. फाइलीच्या अगदी सुरुवातीला यूटीएफ-८ ची तीन बाइटांची खूण असेल तर तीही काढा, नाहीतर पहिला शब्द बिघडतो. आणि पहिला शब्द बहुतेक वेळा सर्वांत जास्त वापरला जाणाराच असतो. यूटीएफ-१६ मधली यादी तर आधी बदलून घ्यायलाच हवी.

हे सगळं करताना यादी संपादकात उघडू नका. ‘हेड’, ‘टेल’ आणि ‘लेस’ पुरे.

## जे बनवता येतं ते साठवू नका

मोठ्या याद्यांची चिकित्सा केली की दिसतं, निम्म्याहून जास्त जागा अशा शब्दांनी अडवलेली असते जे मशीन स्वतः क्षणात बनवू शकतं.

आठ अंकांचे सगळे आकडे घ्या. १० कोटी ओळी, ओळीला ९ बाइट, म्हणजे ९०० एमबी. हेच मास्कने, म्हणजे कोणत्या जागी कोणत्या प्रकारचं अक्षर ते सांगणाऱ्या साच्याने, दिलं तर फाइल लागत नाही आणि लोडिंग शून्य. यादीतल्या फक्त अंकांच्या ओळी उडवा आणि मास्कचं वेगळं सत्र चालवा.

एकाच शब्दाला १, १२, १२३, उद्गारचिन्ह, सालं जोडलेली रूपं असतील तर मूळ शब्द ठेवा आणि बाकीचं नियमांवर, म्हणजे शब्दात कसा बदल करायचा त्या सूचनांवर, सोडा. १० लाख मूळ शब्द आणि १००० नियम मिळून १०० कोटी उमेदवार (तपासायचे पासवर्ड) होतात. फाइल १० एमबीची. हीच यादी लिहून काढली असती तर १० जीबी. दोन शब्दांच्या जोड्यांसाठी कॉम्बिनेटर हल्ला आहे: १ लाखाच्या दोन याद्या म्हणजे १ एमबीच्या दोन फाइली आणि १००० कोटी जोड्या. लिहून काढल्या असत्या तर दोनशे जीबी.

## तुकडे कसे पाडायचे

एक अगडबंब फाइल ठेवण्यापेक्षा २ ते ४ जीबीचे तुकडे ठेवलेले बरे. हॅशकॅटला फोल्डर दिलं की त्यातल्या फाइली ते नावांच्या क्रमाने घेतं, म्हणून नावापुढे ००१, ००२ असे आकडे द्या आणि जास्त शक्यतेचे शब्द पहिल्या तुकड्यांत ठेवा. प्रत्येक तुकड्याची मोजणी वेगळी नोंदली जाते. नवा तुकडा आला तर तेवढाच मोजला जातो, आणि पहिला तुकडा मोजून होताच काम सुरू होतं. १०० जीबी संपेपर्यंत थांबावं लागत नाही.

तुकडे पाडताना ‘स्प्लिट’ला छोटा ‘बी’ देऊ नका. तो बाइट मोजून कापतो आणि प्रत्येक सांध्यावर एक शब्द अर्धा-अर्धा होतो. मोठा ‘सी’ द्या, तो ओळ तोडत नाही.

उलट टोकालाही जाऊ नका. तुकडे दोन-चार एमबीचे केले तर प्रत्येकाच्या शेवटी कार्ड रिकामं बसतं आणि जलद हॅशवर एकूण वेळ वाढतो.

काम अनेक मशीनवर वाटायचं असेल तरी तुकडेच सोयीचे. ‘स्किप’ने, म्हणजे सुरुवातीचे ठराविक शब्द सोडून, वाटता येतं, पण ओळींची लांबी सारखी नसल्याने पाचशे कोटीवी ओळ कुठे आहे हे वाचत गेल्याशिवाय कळत नाही. म्हणजे दुसरं मशीन आपलं काम सुरू करण्याआधी पहिल्याच्या वाट्याचा पूर्ण भाग वाचून काढतं.

## दाबलेल्या फाइली आणि पाइप

हॅशकॅट ६.० पासून जीझिप आणि झिप फाइली थेट वाचतं. फिरत्या डिस्कवर याचा फायदा होऊ शकतो, कारण डिस्कवरून कमी बाइट येतात आणि उलगडायचं काम मोकळा बसलेला प्रोसेसर करतो. एनव्हीएमईवर उलटं होतं. जीझिपची फाइल एकाच धाग्यात उलगडते आणि तीच अडचण ठरते. शिवाय दाबलेल्या फाइलीत मधूनच उडी मारता येत नाही. थांबवलेलं काम पुन्हा सुरू केलं की तिथवरचा सगळा भाग पुन्हा उलगडावा लागतो. सत्र एका बैठकीत संपणार असेल तरच ही वाट धरा.

मोजणी अजिबातच नको असेल तर यादी पाइपमधून द्या: ‘कॅट’ने किंवा ‘झेडएसटीडीकॅट’ने वाचा आणि हॅशकॅटकडे वळवा. ते लगेच सुरू होतं, नियमही चालतात. पण शेवट कुठे आहे हे त्याला माहीत नसल्याने टक्केवारी नाही, उरलेला वेळ नाही, आणि मध्येच वीज गेली तर ‘रिस्टोअर’ही (थांबलेलं काम तिथूनच पुढे सुरू करणं) नाही. मध्ये ‘पीव्ही’ लावला तर निदान किती जीबी गेले ते दिसतं. एकदाच, जलद हॅशवर, तासाभरात संपणाऱ्या कामाला पाइप उत्तम. आठवडाभराच्या कामाला पाइप लावू नका. दहा मिनिटं वाचवून सात दिवस पणाला लावण्यात अर्थ नाही.

## जॉन द रिपर

जॉन सुरुवातीला हॅशकॅटसारखी मोजणी करत बसत नाही. त्याच्या जंबो आवृत्तीत ठराविक आकारापर्यंतची यादी रॅममध्ये आधीच चढवली जाते. ही मर्यादा ‘मेम फाइल साइझ’ने ठरते. रॅम भरपूर असेल आणि नियम खूप असतील तर ती वाढवा, कारण जॉन साधारणपणे एक नियम घेऊन पूर्ण यादी फिरतो आणि मग दुसरा नियम घेतो. ५० नियम म्हणजे यादीच्या ५० फेऱ्या. त्या डिस्कवरून झाल्या तर काय होईल ते उघड आहे. यादी रॅमपेक्षा मोठी असेल तर मर्यादा वाढवू नका, मशीन स्वॅपमध्ये अडकेल. ‘ड्यूप सप्रेशन’ हा पर्यायही यादी रॅममध्ये चढवायला भाग पाडतो, त्यामुळे मोठ्या यादीचे दुबार आधीच काढून ठेवा आणि तो बंद ठेवा.

‘फोर्क’ने आठ प्रक्रिया केल्या तर आठही जणी तीच यादी वाचतात. यादी लिनक्सच्या रॅममध्ये मावत असेल तर त्रास नाही. मावत नसेल आणि डिस्क फिरती असेल तर आठ जणी एकाच हेडसाठी भांडतात.

## कार्ड उपाशी राहतं तेव्हा

आता तो चौथा प्रकार. १५० एमबी देणारी डिस्क म्हणजे सेकंदाला दीड कोटी शब्द. एनटीएलएम किंवा एमडी५ सारख्या जलद हॅशवर चांगलं कार्ड सेकंदाला अब्जावधी उमेदवार तपासू शकतं. दीड कोटीत त्याचं काय होणार? एनव्हीएमई लावली तरी अंतर मिटत नाही, कारण शब्द वाचून, लांबीप्रमाणे लावून कार्डापर्यंत पोचवण्याचं काम प्रोसेसरलाच करायचं असतं. इथे उपाय एकच: नियम. नियम कार्डावरच लावले जातात. ६४ नियमांची फाइल जोडली की त्याच दीड कोटी शब्दांचे सेकंदाला ९६ कोटी उमेदवार होतात, डिस्कवरून एकही जादा बाइट न आणता. ‘सेगमेंट साइझ’, म्हणजे छोटा ‘सी’, वाढवून पाहायला हरकत नाही. एका वेळी किती एमबी वाचायचे ते त्याने ठरतं, आणि फिरत्या डिस्कवर किंवा नेटवर्कवर थोडा फरक पडू शकतो. नियमांइतका मात्र कधीच नाही.

मंद हॅशवर गणित उलटतं. सेकंदाला १ लाख उमेदवार होत असतील तर १००० कोटी शब्दांना जवळपास २८ तास लागतात. ११ मिनिटांची मोजणी त्यात कुठेच नाही. सेकंदाला १००० होत असतील तर जवळपास ११६ दिवस. तिथे लोडिंग जलद करत बसू नका, यादी लहान करा आणि वरचे शब्द आधी येतील असं बघा.

आणि सत्र सुरू असताना, किंवा थांबवून ठेवलेलं असताना, त्या यादीला हात लावू नका. ‘रिस्टोअर’ची खूण म्हणजे ‘इतके शब्द झाले’ एवढा एक आकडा असतो. मधल्या काळात यादी गाळली, क्रम बदलला किंवा वर चार ओळी घातल्या, तर काम बिनतक्रार पुढे सुरू होतं, पण न तपासलेले शब्द खुणेच्या अलीकडे सरकलेले असतात आणि ते पुन्हा कधीच तपासले जात नाहीत. गाळणी लावायचीच असेल तर नव्या नावाची फाइल बनवा आणि जुनं सत्र संपेपर्यंत जुनी यादी जागच्या जागी राहू द्या.